पदवी हातात आली, पण विचारायचे कोणाला?



विद्यापीठाचे निकाल लागले की आमच्याकडे येणाऱ्यांची संख्या वाढते. अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या वळसंगमध्ये आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर आता घराआड एक तरी पदवीधर आहे. कोणी बी.ए., कोणी बी.कॉम., कोणी बी.एस्सी. केमिस्ट्री. पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो, वही-पेन आणि बाबासाहेबांची प्रतिमा दिली जाते, पुढारी भाषण करून जातात. आठ दिवसांनी तोच मुलगा किंवा मुलगी आमच्या दारात उभी राहते आणि विचारते, ‘काका, आता पुढं काय करायचं?’

हा प्रश्न साधा दिसतो, पण तो साधा नाही. ज्या घरात आजोबा कारकून होते, वडील इंजिनिअर आहेत आणि मावशी बँकेत आहे, त्या घरातील मुलाला हा प्रश्न पडतच नाही असे नाही. पण त्याचे उत्तर त्याला जेवणाच्या ताटावर मिळते. मामा म्हणतो, अमुक परीक्षेचा फॉर्म भर. काका म्हणतो, माझ्या ऑफिसात ये आणि दोन दिवस बसून बघ. आमच्या मुलीच्या घरात आई शेतमजुरीला जाते, वडील बिगारी कामाला. ते तिला पोटाला चिमटा घेऊन शिकवू शकले, पण ऑफिसात माणसे दिवसभर नेमके काय करतात हे त्यांना कोठून माहीत असणार? शिकवले, यापुढचे त्यांनी सांगावे असा हट्ट धरणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी वाट ठरलेली होती. सोलापुरात जुनी मिल, विष्णू-लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशा गिरण्या होत्या, रेल्वे होती, पोस्ट होते, नगरपालिका होती. एक भाऊ लागला की तो दुसऱ्याला सांगे. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. सरकारी नोकरभरती आटली, जेथे आहे तेथे कंत्राटावर आली. आम्ही स्वतः पदवी घेतली तेव्हा सोलापूरला विद्यापीठ नव्हते. आमच्या प्रमाणपत्रावर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का आहे. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झाले आणि २०१९ साली त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. विद्यापीठ घराजवळ आले ही मोठी गोष्ट झाली. परंतु पदवी जवळ आली आणि नोकरी मात्र पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला गेली. जो रस्ता दाखवू शकेल तो माणूस गावात नाही. मग तो शोधायचा कोठे? आमचे उत्तर आहे, हातातल्या फोनवर. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि आमच्या वस्तीतही प्रत्येकाच्या खिशात आले. त्यावर दिवसातून तीन तास रील बघणारी मुले तीस मिनिटे आपल्या भवितव्यासाठी वापरू शकतात.

अशा वाट दाखवणाऱ्याला इंग्रजीत मेंटॉर म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी फार चांगला शब्द आहे, कल्याणमित्र. भगवान बुद्धांनी आनंदाला कल्याणमित्राचे महत्त्व सांगितले, ते विहारात आपण अनेक वेळा ऐकले आहे. कल्याणमित्र हा गुरू नव्हे, त्याच्या पाया पडायचे नसते. तो मालक नव्हे, तो नोकरी देत नाही. तो आपल्यापेक्षा चार पावले पुढे गेलेला माणूस आहे. मागे वळून तो सांगतो की इथे खड्डा आहे, इथून वळा. एवढीच अपेक्षा ठेवून त्याच्याकडे गेले तर तो भेटतो. ‘सर जॉब द्या’ असा निरोप पाठवणाऱ्याला तो भेटत नाही, कारण तो निरोप त्याला दिवसातून वीस वेळा येतो.

काही कार्यकर्ते मित्र आम्हांला म्हणतात, आपल्याला तर स्वतःचा दीप स्वतः होण्याची शिकवण आहे, मग दुसऱ्याचे दार कशाला ठोठवायचे? या मित्रांनी बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा एकदा वाचावे. भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत, तेथे विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांना हेरले. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला, त्यात केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते, तेव्हा केळुसकर गुरुजींनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१३ साली याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे प्राध्यापक सेलिग्मन भेटले. पुढे १९२० साली बाबासाहेब लंडनला अर्थशास्त्र शिकत असताना याच सेलिग्मन यांनी तेथील प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. न्यूयॉर्कहून लंडनला पत्र बोटीने जात असे. दूर बसलेल्या माणसाने दुसऱ्या दूरच्या माणसाला चार ओळी लिहाव्यात आणि तिसऱ्याचे काम सोपे व्हावे, याला आज आपण ऑनलाइन म्हणतो एवढेच.

ह्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. ती आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आमच्या मुलांना ती ठाऊक नसते. सेलिग्मन यांचा संबंध परीक्षा झाली आणि संपला असे झाले नाही. १९२५ साली बाबासाहेबांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ निघाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची आहे आणि तो अर्पण केला आहे सयाजीराव महाराजांना. म्हणजे पहिल्या भेटीनंतर बारा वर्षे हा धागा तुटला नव्हता. आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ निघाला, त्याला प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. तीत कॅननसाहेबांनी आपले बाबासाहेबांशी अनेक बाबतींत मतभेद असल्याचे स्पष्ट लिहून ठेवले. तरीही प्रस्तावना लिहिली. मार्गदर्शकाचे सगळे पटलेच पाहिजे, आणि त्याला आपले पटलेच पाहिजे, असे काही नाही. केळुसकर, सयाजीराव, सेलिग्मन, कॅनन, ह्यांपैकी एकही आपल्या जातीचा नव्हता हेही लक्षात ठेवावे. आपला माणूस मिळाला तर आनंद आहे, पण फक्त आपलाच हवा म्हणून बसून राहिलो तर बसूनच राहू.

मात्र ही दुसरी बाजूही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एवढ्या पदव्या घेऊन बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीस गेले तेव्हा राहायला जागा मिळाली नाही. मुंबईत त्यांनी शेअर्सविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, तर सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. आज कोणी तोंडावर तसे बोलत नाही. पण आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा आवाज बदलतो हा अनुभव आमच्या अनेक मुलांनी आम्हांला सांगितला आहे. लिंक्डइनवर आडनाव लावू का नको, असे एका मुलाने आम्हांला विचारले होते. आमचे मत स्पष्ट आहे. आडनाव लपवू नये. जो माणूस आडनाव बघून उत्तर देत नाही, तो पुढे मार्गदर्शन काय करणार? तो आपोआप गळून पडला, आपला वेळ वाचला.

आता प्रत्यक्षात शोधायचे कसे, ते थोडे विस्ताराने सांगतो.

लिंक्डइन ही २००३ सालापासून चालू असलेली नोकरी-व्यवसायाची जागा आहे, खाते फुकट उघडता येते. आमची मुले तेथे जातात आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या साहेबांना निरोप पाठवतात. हे चुकीचे आहे. आधी आपल्या कॉलेजचे किंवा विद्यापीठाचे पान उघडावे. त्यावर माजी विद्यार्थी कोण, कोणत्या गावात, कोणत्या कंपनीत आहेत हे दिसते. आपल्यापेक्षा तीन ते सात वर्षे पुढे असलेले शोधावेत. वीस वर्षे पुढे गेलेल्याला पहिली नोकरी कशी मिळते हे आठवत नसते, आणि ज्या परीक्षेने तो लागला ती परीक्षाही आता बदललेली असते. सोलापूरचे विद्यापीठ एका जिल्ह्याचे आहे. म्हणजे त्या यादीतला माणूस माळशिरसचा, बार्शीचा, मंगळवेढ्याचा, फार तर अक्कलकोटचा निघणार. वळसंग हे नाव त्याला समजावून सांगावे लागत नाही. पुण्यात बसलेल्या सोलापूरकराला गावाकडच्या माणसाचे दोन शब्द आले की तो जरा विरघळतो, हा आमचा अनुभव आहे.

निरोप मराठीत लिहिला तरी चालतो, याची आमच्या मुलांना खात्रीच वाटत नाही. इंग्रजी चुकेल या भीतीने महिना महिना निरोप लिहिलाच जात नाही. एकीने इंटरनेटवरून कोणाचा तरी तयार इंग्रजी मजकूर उचलून पाठवला, त्यात खाली दुसऱ्याच मुलाचे नाव तसेच राहिले होते! आम्ही मुलांना साधारण असा मजकूर लिहून देतो: ‘नमस्कार. मी वळसंगची आहे, तुमच्याच कॉलेजातून यंदा बी.कॉम. झाले. तुम्ही अकाउंट्समध्ये काम करता असे दिसले. मला नोकरी मागायची नाही. या कामाची सुरुवात कशी करावी याबद्दल तीन प्रश्न आहेत. या आठवड्यात पंधरा मिनिटे फोनवर बोलता येईल का? वेळ नसेल तर लिहून उत्तर दिले तरी चालेल.’ बस. सहा ओळी. वडिलांची गरिबी, आजीचे आजारपण, समाजावरचा अन्याय, यांतले पहिल्या निरोपात काही नको. ते खोटे आहे म्हणून नव्हे. अनोळखी माणसाला त्याचे काय करावे हे समजत नाही, म्हणून.

दहा जणांना लिहिले तर दोघे-तिघे उत्तर देतात, असे आमच्याकडे बसणाऱ्या मुलांचे साधारण प्रमाण आहे. सात-आठ जण देत नाहीत. आमच्या मुलांना हा नकार फार लागतो. गप्प राहिलेला प्रत्येक माणूस त्यांना हिणवतो आहे असे वाटते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दारातून परत पाठवले गेले त्यांच्या मनाला ते लागणारच. पण आम्ही त्यांना सांगतो की बाबा रे, त्या माणसाला ताप आला असेल, त्याने लिंक्डइन सहा महिने उघडले नसेल. आठवड्याने एकदा आठवण करावी, आणि मग पुढच्याला लिहावे.

प्रश्न काय विचारायचे, हे अधिक महत्त्वाचे. ‘कोणत्या फिल्डला स्कोप आहे?’ हा प्रश्न विचारूच नये. त्याचे उत्तर ब्रह्मदेवालाही देता येणार नाही, आणि त्याच्यावर आपला विश्वासही नाही. विचारावे की तुम्ही सकाळी ऑफिसात गेल्यापासून संध्याकाळपर्यंत काय काय करता? पहिला पगार किती होता आणि त्यात पुण्यात खोलीचे भाडे, मेस, बसपास जाऊन काय उरत होते? माझ्या हातात ही पदवी आहे, तर मला नेमके काय येत नाही? हा शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण सोने तेथेच आहे.

आम्ही स्वतः कॉमर्सचे, म्हणून त्यातलेच उदाहरण देतो. आमच्या बी.कॉम.च्या मुलांना जर्नल एंट्री येते, ताळेबंद जुळवता येतो, अंतिम खाती पाठ असतात. पण १ जुलै २०१७ पासून देशात जीएसटी आला, त्याचे जीएसटीआर-१ आणि ३-बी हे विवरणपत्र प्रत्यक्ष भरताना त्यांनी कधी पाहिलेले नसते. टॅलीमध्ये बिल कसे चढवतात, बँकेचे स्टेटमेंट आणि पुस्तक कसे जुळवतात, टीडीएस कोणत्या तारखेला भरतात, हे दुकानात किंवा ऑफिसात बसल्याशिवाय येत नाही. हे कॉलेजात कोणी सांगत नाही, अकाउंट्समध्ये चार वर्षे घालवलेला सीनियर पंधरा मिनिटांत सांगतो. बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या एका मुलाला चिंचोळी एमआयडीसीत काम केलेल्या सीनियरने एवढेच सांगितले की कंपनीत क्वालिटी कंट्रोलला घेताना एचपीएलसी यंत्र हाताळता येते का ते विचारतात, ते आधी शिकून घे. तीन वर्षांत त्याने त्या यंत्राचा फक्त फोटो पाहिला होता.

अशाच एका मुलीची हकीगत सांगण्यासारखी आहे. नाव देत नाही, ती वळसंगचीच. घराण्यातली पहिली पदवीधर, बी.कॉम.ला ६१ टक्के. घरात लग्नाची बोलणी सुरू झाली. आईने सांगितले, दिवाळीपर्यंत काय करायचे ते कर, मग आमचं ऐकायचं. तिला वाटत होते एम.कॉम. करावे, कारण दुसरे काही माहीत नव्हते. आमच्या सांगण्यावरून तिने अकरा जणांना लिहिले. तिघांची उत्तरे आली. एकाने तिसऱ्याच वाक्याला एका कोर्सची फी सांगितली. दुसऱ्याने शुभेच्छा दिल्या. तिसरी मुलगी पुण्यात एका चार्टर्ड अकाउंटंटच्या फर्ममध्ये काम करणारी होती. तिने विचारले, तू सी.ए.ची थेट इंटरमीडिएट का देत नाहीस?

आमच्या मुलीला वाटत होते की सी.ए. व्हायचे तर बारावीनंतरच फाउंडेशनची परीक्षा द्यावी लागते, ती वेळ गेली. वस्तुस्थिती अशी की कॉमर्सच्या पदवीला किमान ५५ टक्के गुण असतील तर फाउंडेशन माफ होते आणि सरळ इंटरमीडिएटला नाव घालता येते. इतर शाखांच्या पदवीधरांना हीच सवलत ६० टक्क्यांना आहे. इंटरमीडिएट झाल्यावर आर्टिकलशिप करावी लागते. २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे, आणि तिला स्टायपेंड मिळतो. ही माहिती गुप्त नाही, संस्थेच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी आहे. परंतु जे आपल्यासाठी नाहीच असे मनात बसले आहे, ते कोणी शोधायला जात नाही.

त्या पुण्याच्या मुलीने आमच्या मुलीच्या आईशीही फोनवर बोलणे केले. माउलीने पहिला प्रश्न विचारला, ‘बाई, तुमचं लग्न झालंय का?’ झालेले होते, नोकरीही चालू होती, सासूबाई मुलाला सांभाळत होत्या. या एका वाक्याने जे काम झाले ते आमच्या दहा व्याख्यानांनी झाले नसते. दिवाळी गेली. मुलगी सध्या सकाळी सोलापुरात एका दुकानाच्या हिशेबाला जाते, दुपारी घरी अभ्यास करते. इंटरमीडिएटचे दोन्ही ग्रुप एकदम निघणे अवघड असते, एका ग्रुपात ती थोडक्यात राहिली. आता २०२४ पासून ही परीक्षा वर्षातून तीन वेळा होते, म्हणून पुढची संधी लांब नाही. आईने अद्याप पुन्हा लग्नाचा विषय काढलेला नाही, पण तो काढणारच नाही असे आम्ही लिहून देऊ शकत नाही.

मातांच्या मनातली दुसरी भीती रास्त आहे. परक्या माणसाशी मुलगी फोनवर बोलते, तो कोण, कसा? येथे आमचे सांगणे असे की हे बोलणे घरात, दिवसा, आईसमोर व्हावे. मुलींनी शक्यतो आधी मुलींनाच लिहावे. घरचा पत्ता, आधार कार्डाचा फोटो, स्वतःचे फोटो कोणालाही पाठवू नयेत. रात्री अकराला ‘जेवलीस का’ विचारणारा मार्गदर्शक नव्हे, त्याचा नंबर त्याच क्षणी बंद करावा. आणि मुलीने हे घरात सांगितले तर तिचाच फोन काढून घेऊ नये. तसे केले तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

पैशाचे तर विचारूच नका. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मित्राच्या रूपातील अमित्र ओळखण्याची लक्षणे सांगितली आहेत. जो नुसता घेतो, जो नुसता बोलतो, जो तोंडपूजा करतो आणि जो नाशाच्या वाटेवर सोबत करतो, तो मित्र नव्हे. आम्ही हे सुत्त बेरोजगार मुलांपुढे वाचतो तेव्हा हसू येते, कारण चारही जण टेलिग्रामवर हजर असतात! रजिस्ट्रेशन फी घेणारा पहिला. फुकटच्या वेबिनारमध्ये दोन तास बोलून शेवटी फी सांगणारा दुसरा. ‘तुझ्यात लीडर दिसतो’ म्हणणारा तिसरा. आणि व्हिडिओला लाइक करून घरबसल्या रोज हजार कमवा म्हणणारा चौथा. आधी दोनशे रुपये खरेच देतात, मग दहा हजार भरायला लावतात. जी कंपनी नोकरी देण्यासाठी आपल्याकडून अनामत मागते, ती नोकरी देत नाही, हा नियम डोळे मिटून पाळावा. कोणी फसलेच तर लाजून घरी बसू नये. १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता अधिक असते.

आपल्या बहुजन मुलांसाठी हे काम संघटितपणे करणारेही आहेत. यवतमाळहून २०१७ साली राजू केंद्रे यांनी एकलव्य ही संस्था उभी केली. स्वतः भटक्या जमातीतल्या शेतकरी कुटुंबातला हा तरुण, पुढे चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आला. पहिल्या पिढीतल्या शिकणाऱ्या मुलांना देशातल्या आणि परदेशातल्या चांगल्या विद्यापीठांची वाट दाखवायची, आणि जी मुले आधी तेथे पोहोचली त्यांनीच मागच्यांना हात द्यायचा, अशी तिची पद्धत आहे. वर्ध्याला अनूप कुमार यांची नालंदा अकॅडमी खेड्यातल्या मुलांची मोठ्या विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांसाठी तयारी करून घेते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यांची नावे तरी आपल्या पदवीधरांना ठाऊक असावीत. उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी, कोणाच्या सांगीवांगीवर राहू नये. विदर्भात हे घडले. आमच्या दक्षिण सोलापुरात का घडू नये, असा प्रश्न आम्हांला नेहमी पडतो.

कारण माणसे आहेत. आरक्षणाच्या आधाराने शिकलेले, नोकरीस लागलेले, पुण्या-मुंबईत स्थिरावलेले आपले किती तरी बांधव आहेत. १४ एप्रिलला ते गाडी घेऊन गावी येतात, हार घालतात, वर्गणीही देतात. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी त्यांचे जयभीमचे चित्र न चुकता येते. पण ‘साहेब, या मुलाचा बायोडाटा एकदा बघून द्या’ असे लिहिले की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे शांतता. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी व्यथा बोलून दाखवली ती या मंडळींना भाषणापुरती पाठ असते. आम्ही त्यांच्याकडे नोकरी मागत नाही. ती त्यांच्या हातात नसते हे आम्हांला समजते, आम्हीही कारकूनच आहोत. महिन्यातून दोन तास मागतो. फोनवर दोन मुलांशी बोला, तुमच्या ऑफिसात कोणते काम चालते ते सांगा, अर्जातली चूक दाखवा. आपण आपल्या गावात कोठून निघालो हे मुलांना दाखवायचे नसेल, शेजाऱ्यांना जात कळू द्यायची नसेल, तर तसे निदान आम्हांला खाजगीत सांगा, नाव छापणार नाही.

१९३७ साली बाबासाहेब वळसंगला आले होते, आणि आपल्या समाजाच्या विहिरीशी त्या भेटीची आठवण आजही जोडलेली आहे. त्या विहिरीवर फोटो काढायला पदवीधर मुले जातात. त्यांना आम्ही म्हणतो, फोटो काढा, पण तो फोन तेथेच खिशात घालू नका. त्यावर एक निरोपही लिहा.

निवृत्त झालेल्या बांधवांचाही येथे उपयोग आहे. बँकेत, एस.टी.त, रेल्वेत तीस-तीस वर्षे घालवलेली माणसे पारावर बसून असतात. त्यांना लिंक्डइन येत नाही, मुलांना मुलाखतीत कसे बसावे हे येत नाही. दोघांना एका बाकावर बसवले की काम होते. आमच्या एका निवृत्त स्नेह्यांनी मुलांच्या खोट्या मुलाखती घेण्यास सुरुवात केली आहे. ते इतके कडक विचारतात की खरी मुलाखत मुलांना सोपी वाटते.

अजून एक सांगायचे राहिले. ज्याने वेळ दिला त्याला नंतर कळवावे. त्याने सांगितलेले केले का, काय झाले, नापास झालो तरी. आमची मुले काम झाले की गप्प, आणि नाही झाले तर लाजेने गप्प. महिन्याने दोन ओळी आल्या की तो माणूस पुढच्या मुलालाही नाही म्हणत नाही.

महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही विहारात बसतो. पदवीधर मुलामुलींनी येताना गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, एक वही आणि चार्ज केलेला फोन आणावा, कारण त्या वेळी लाइट असेलच असे नाही. आईला सोबत आणले तर फार चांगले. फी नाही. निरोप तेथेच लिहायचा आणि तेथेच पाठवायचा, घरी जाऊन पाठवतो म्हणणाऱ्यांचा अनुभव चांगला नाही.